आजीची भांडी स्वयंपाकघरात मांडताना: यादीपासून कल्हईपर्यंत

गावाकडचं घर आवरलं की माळ्यावरून एक पोतं खाली येतं. दोन हंडे, काळं पडलेलं पंचपात्र, कान तुटलेली परात, खुंटा हरवलेलं जातं, चार बरण्या आणि झाकणांचा ढीग. पहिला मोह होतो तो पितांबरीची पुडी फोडून सगळं घासायला बसण्याचा. दुसरा मोह सुताराला बोलावून शोभेची फळी ठोकून घेण्याचा. दोन्ही पंधरा दिवस थांबू द्या. घासताना कोरलेलं नाव पुसलं तर परत येत नाही, आणि फळी ठोकल्यावर हंडा तिच्यावर मावत नाही हे कळलं तर टाइलला पडलेली भोकं बुजत नाहीत.

या लेखात एकच धोरण धरलं आहे: वाडवडिलांच्या वस्तूंपैकी जितक्या जास्त रोजच्या वापरात आणता येतील तितक्या आणा, उरलेल्यांतल्या मोजक्याच दर्शनी ठेवा. फोडणीच्या घरात नुसत्या शोभेच्या वस्तूवर महिन्याभरात तेलकट धुळीचा थर बसतो. रोज हाताखाली येणारी वस्तू मात्र आपोआप स्वच्छ राहते.

सुरू करण्याआधी जवळ ठेवा

साधनं: लोहचुंबक, वजनकाटा (माणसांचा चालेल), मोजपट्टी, मोबाइलचा कॅमेरा, चिंच, मीठ, मऊ सुती फडकी, नारळाचा काथ्या, भांडी घासायचा सौम्य साबण. ड्रिल, ८ मिलिमीटरचं बिट, टाइलचं टोकदार बिट आणि मास्किंग टेप पाचव्या पायरीला लागतील.

कागद: वस्तूंची यादी; घर भाड्याचं असेल तर भोकं पाडायला मालकाची लेखी परवानगी; बिल्डरने घराचा ताबा देताना दिलेले नळ आणि वायरिंगचे नकाशे. हे नकाशे फाइलमध्ये असतात आणि कुणी उघडून बघत नाही. शोधून काढा.

## १. आधी यादी, मग विचारणा, मग हात लावा

प्रत्येक वस्तूचे तीन फोटो काढा: समोरून, बुडाकडून आणि काठाजवळून. जुन्या पितळी-तांब्याच्या भांड्यांवर काठाखाली किंवा पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावं असतात. कुणाच्या लग्नात कुणी आहेर दिला, कोणत्या गावचा, कोणत्या साली. काळ्या थराखाली ही अक्षरं दिसत नाहीत. टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरून बघा. ठिपक्यांच्या सावल्या पडतात आणि नाव वाचता येतं. ते यादीत जसंच्या तसं उतरवून घ्या. 'चि. सौ. कां.' असेल तर तेही.

यादीत वस्तू, धातू, वजन, उंची, व्यास, कोरलेला मजकूर आणि कुणाकडून आली एवढे रकाने पुरतात. वजनासाठी आधी स्वतः काट्यावर उभे राहा, मग वस्तू घेऊन, आणि वजाबाकी करा.

आता ही यादी भावंडांच्या आणि चुलतभावंडांच्या ग्रुपवर टाका. घंगाळ आत्याच्या माहेरच्या आठवणीचं असेल आणि तुम्ही त्यात मनीप्लांट लावून फोटो टाकलात, तर दिवाळीला भेटल्यावर विषय निघतोच. कुणाला काय हवं ते पंधरा दिवसांत सांगा असं लिहा. उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा, कारण ग्रुपवरची शांतता म्हणजे होकार नव्हे.

आणि यादी पूर्ण होईपर्यंत काहीही मोडीत देऊ नका. मोडीत पितळ किलोवर जातं, नावासकट.

## २. धातू ओळखा

पुढची प्रत्येक पायरी धातूवर अवलंबून आहे, म्हणून इथे घाई नको.

चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे. पिवळं दिसणारं भांडं चुंबकाला धरत असेल तर ते वरून मुलामा दिलेलं, बहुतेक अलीकडचं. बुडाशी न दिसणाऱ्या जागी जरासं घासून पाहा: लालसर निघालं तर तांबं, पिवळं निघालं तर पितळ. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त.

काशाचं भांडं मंद सोनेरी-राखाडी असतं. बोटांच्या टोकावर तोलून टिचकी मारली की नाद बराच वेळ घुमतो. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२ या प्रमाणात. कथील जास्त असल्यामुळे ते कडक पण ठिसूळ होतं. पितळी वाटी पडली तर पोचते, काशाची पडली तर तडकते. म्हणून काशाची ताटली उंच फळीच्या काठावर उभी करू नका.

आकाराच्या मानाने फारच हलकं आणि राखाडी असेल तर ते जर्मलचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं. त्यात आंबट पदार्थ शिजवू नका, आणि ते धुण्याच्या सोड्याने कधीही घासू नका. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि भांडं काळंठिक्कर पडतं.

बूड किंवा कान कधीकाळी झाळ मारून दुरुस्त केला असेल तर त्या जागी वेगळ्या रंगाची, गोठलेल्या थेंबांसारखी रेघ दिसते. जुन्या झाळीत शिसं असू शकतं. असं भांडं खाण्या-पिण्यातून बाद. त्यात लसूण ठेवा, लाटणी ठेवा, नाहीतर नुसतं मांडा.

ओळख पटली की चार ढीग करा: रोजचं, सणावाराचं, फक्त दर्शनी, आणि दुसऱ्या कुणाला द्यायचं. दर्शनी ढीग सात-आठ वस्तूंच्या वर गेला तर परत निवडा. साधारण ऐंशी चौरस फुटांच्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त मांडलं की भांड्यांच्या दुकानाची कळा येते.

## ३. घासणं आणि कल्हई

घासणं. एका मध्यम हंड्यासाठी लिंबाएवढे चिंचेचे दोन गोळे वाटीभर कोमट पाण्यात भिजवा, कोळ काढा, त्यात दोन चमचे मीठ घाला. सुती फडक्याने किंवा काथ्याने थोड्या थोड्या भागावर चोळा. दोन-तीन मिनिटांत काळेपणा उतरतो. लगेच भरपूर पाण्याने धुवा, मग साबणाने धुवा, लगेच कोरडं पुसा आणि थोडा वेळ उन्हात ठेवा. यातला साबणाचा हात लोक गाळतात. आंबट आणि मीठ कानाकोपऱ्यात, कानांच्या खाचेत राहिलं की आठवड्यात तिथे हिरवा कळंक धरतो. चिंच लावून भांडं तासभर तसंच ठेवलं तर पितळातलं जस्त निघून जातं आणि तांबूस डाग पडतात. ते डाग घासून जात नाहीत, कारण तिथे धातूच बदललेला असतो.

तारेची घासणी पूर्ण वर्ज्य. कोरलेल्या नावावर काथ्याही नको, फक्त बोटाने चिंच लावा आणि मऊ ब्रशने धुवा. अक्षरांच्या ठिपक्यांत राहिलेला काळेपणा तसाच राहू द्या, त्यामुळेच नाव वाचता येतं.

ओला चिंच-लिंबाचा हंडा कडप्प्याच्या किंवा संगमरवराच्या ओट्यावर टेकवू नका. दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड; आंबटाने त्यांची झिलई जाते आणि पांढरट गोल उमटतो. ग्रॅनाइटला हा त्रास नाही.

सगळं चकचकीत करायलाच हवं असंही नाही. चुलीवर वर्षानुवर्षं बसलेल्या पातेल्याच्या बुडाची काजळी घट्ट असेल तर राहू द्या, खाली कॉर्कची चकती ठेवा म्हणजे फळी काळी होणार नाही.

फक्त दर्शनी वस्तूंवर चमक टिकवायची तर कोरड्या भांड्यावर मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ हात फिरवून पुसून घ्या. दुकानदार लॅकर मारून देतो म्हणाला तर आधी विचार करा. लॅकर मारलेलं भांडं पुन्हा गॅसवर किंवा जेवणात वापरता येत नाही, आणि दोन-चार वर्षांनी लॅकर जिथे उडतं तिथे भांडं चट्ट्याचट्ट्यांनी काळं पडतं. मग थिनरने सगळं काढण्यावाचून उपाय राहत नाही. कोकणात, मुंबईत, गोव्यात दमट हवेमुळे पितळ लवकर काळवंडतं, तिथे मेणाचा हात वर्षातून दोनदा द्यावा लागतो.

कल्हई. पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात शिजवायचं असेल तर आतून कल्हई हवीच. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, आमटी, चिंचगुळाचं काहीही ठेवलं की ते कळकतं, रंग आणि चव बिघडते, पोटही बिघडतं. तांब्याच्या तांब्यात साधं पाणी ठेवायला हरकत नाही. लिंबूपाणी किंवा ताक नको.

कल्हईवाला भांडं आधी साफ करतो, भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, मग कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील आतून सारखं फिरवतो. नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो, त्याशिवाय कथील धरत नाही. म्हणूनच कल्हई समोर उभं राहून करून घ्यावी, पण धुरापासून चार हात दूर. 'शुद्ध कथील' असं आधी ठरवून घ्या. भांडं हातात आलं की आत बघा: तपकिरी ठिपका कुठेही नको, कानाच्या रिवेटांभोवती विशेष तपासा. तिथेच हात राखला जातो.

कल्हईवाले आता दारावर क्वचित येतात. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत आणि तुळशीबागेच्या भांड्यांच्या दुकानांत, नाशिकला भांडी बाजारात, मुंबईत पायधुनीजवळच्या तांबा काट्याच्या परिसरात चौकशी करा. पोचे काढणं, कान बसवणं ही कामं तांबटाकडेच द्या. ठोक्यांची नक्षी, म्हणजे मठारकाम, असलेल्या भांड्याचा पोचा साध्या वेल्डिंगवाल्याने काढला की ती जागा कायमची सपाट होते.

कल्हई केलेलं भांडं वापरताना तीन गोष्टी सांभाळा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवू नका. आधी पाणी किंवा तेल, मग गॅस. आत लाकडी डाव फिरवा. आणि आतला पांढरेपणा जाऊन पिवळा-लाल धातू दिसू लागला की वापर थांबवून परत कल्हई करा; रोजच्या वापरात ही वेळ काही महिन्यांतच येते. इंडक्शनवर पितळ-तांबं तापत नाही हेही लक्षात असू द्या. बिडाचा तवा तापतो, पण तो काचेवर ओढायचा नाही, उचलून ठेवायचा.

लोखंड आणि बीड. गंजलेली कढई किंवा तवा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात अर्धा तास बुडवा, घासा, धुवा, लगेच गॅसवर पूर्ण कोरडा करा. मग तेलाचा थेंब लावून फडक्याने पुसून टाका, इतका की तेल लावलंच नाही असं वाटावं, आणि धूर येईपर्यंत तापवा. असं तीन-चार वेळा. तेल जास्त राहिलं तर चिकट लाखेसारखा थर बसतो, आणि मग तो खरवडण्यात रविवार जातो.

## ४. जागा ठरवा

ओट्यासमोर उभं राहून स्वयंपाकघराचे तीन पट्टे मनात आखा.

शेगडीपासून हात पसरला की जितकं अंतर येतं तो पहिला पट्टा. इथे तेल, वाफ, आच तिन्ही. इथे फक्त रोज वापरून रोज धुतली जाणारी वस्तू: पितळी खलबत्ता (वेलची, मिरे, सुंठ असे कोरडे मसाले कुटायला उत्तम), मिसळणाचा डबा, झारा-उलथणं अडकवायची पट्टी. कागद, कापड, लाकडी चौकट, शिंकाळं यातलं काहीही इथे नको. शेगडीच्या बरोबर वर तर काहीच टांगायचं नाही.

दुसरा पट्टा म्हणजे ओट्याच्या वरची उरलेली भिंत. ओटा साधारण ८० ते ८५ सेंटिमीटर उंच असतो. पहिली फळी त्याच्या वर ५० ते ६० सेंटिमीटरवर. फळीची खोली २० ते २३ सेंटिमीटर पुरे. पुढच्या काठाला दोन-तीन सेंटिमीटरची पट्टी लावाच, कारण गोल बुडाचे तांबे आणि गडू मिक्सरच्या थरथरीने हळूहळू पुढे सरकतात. बरण्या, पितळी डबे, मापं इथे.

मापांचा संच घरात असेल तर तो मोडू नका. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडिसरी, पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. नावं आणि मापं भागागणिक थोडी बदलतात. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि ही मापं माळ्यावर गेली. लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत मांडली की वेगळ्या सजावटीची गरज उरत नाही. मधलं एखादं हरवलं असेल तर तेवढी जागा रिकामी सोडा, नवं आणून बसवू नका. नव्या पितळेचा पिवळा वेगळा ओळखू येतो. चिपट्याने रोजचे तांदूळ मोजायला सुरुवात केलीत तर आणखी बरं.

तिसरा पट्टा म्हणजे ओट्यासमोरची भिंत, जेवणाच्या टेबलाजवळचा कोपरा, दाराची बाजू. हंडा-कळशी, घंगाळ, जातं, चौकटीतले कागद इथे. घंगाळात झाड लावायचं तर आत प्लॅस्टिकची कुंडी ठेवा. बुडाला भोक पाडलं की ते भांडं कायमचं गेलं, आणि ओली माती पितळेला वर्षभरात कळंक चढवते.

विळी मांडायची असेल तर पातं मिटवून आणि पात्यावर उभा चिरलेला पाइपचा तुकडा चढवून, लहान मुलांच्या हाताबाहेर. अडकित्त्याचंही तेच.

## ५. भिंत, वजन आणि ड्रिल

सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका इथे होतात.

आधी भिंत ओळखा. टकटक करून कळत नसेल तर बारीक बिटने एक भोक पाडा आणि भुकटी बघा. लाल भुकटी म्हणजे वीट: ८ मिलिमीटरची प्लॅस्टिकची गिट्टी (स्क्रू धरून ठेवायला भोकात बसवतात ती खोळ) आणि ५० मिलिमीटरचा किंवा त्याहून लांब स्क्रू चालतो, पण प्लॅस्टर सोडून विटेत किमान ४० मिलिमीटर आत जायला हवा. पांढरी-राखाडी, पिठासारखी भुकटी आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं शिरलं म्हणजे हलक्या ब्लॉकची भिंत. तिथे साधी गिट्टी महिन्याभरात ढिली होते. त्या ब्लॉकसाठी वेगळी लांब नायलॉनची गिट्टी मिळते तीच घ्या आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. राखाडी भुकटी आणि बिट पुढे सरकेना म्हणजे काँक्रीट. मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून, बांधलेल्या नव्या उंच इमारतींत सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतात. तिथे हॅमर ड्रिल आणि अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा धातूचा बोल्ट. बिट सळीला अडलं तर जोर लावू नका, भोक चार सेंटिमीटर सरकवा.

नळाच्या आणि सिंकच्या सरळ वर-खाली, त्यांना जोडणाऱ्या आडव्या रेषेत, आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडायचं नाही. पाइप आणि वायरी तिथूनच जातात. नकाशा सापडला असेल तर तो बघा, पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. प्लंबरने सोयीने वळवलेला पाइप नकाशात येत नाही.

टाइलवर मास्किंग टेपची फुली मारा, टोकदार बिटने हॅमरशिवाय टाइल पार करा, मगच भिंतीचं बिट लावा. टाइलच्या काठापासून दोन सेंटिमीटरच्या आत भोक नको, कोपरा उडतो. दोन टाइलांच्या सांध्यात भोक बसत असेल तर तेच उत्तम; पुढेमागे सिमेंट भरून बुजवता येतं. किनारपट्टीला स्क्रू ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

वजनाचा सावध हिशेब असा: विटेच्या भिंतीत दोन ब्रॅकेटांवर टेकलेल्या तीन फुटी फळीवर पंधरा किलोच्या वर नको. यादीतली वजनं इथे कामी येतात. पाण्याने किंवा धान्याने भरलेल्या भांड्याचं वजन धरायला विसरू नका.

स्टीलची भिंतीवरची मांडणी ही मराठी स्वयंपाकघराची जुनी आणि अजूनही सगळ्यात सोयीची सजावट. ताटं उभी, वाट्या पालथ्या, पेले रांगेत, सगळं दिसतं आणि सगळं वापरात. पण ताटांनी भरलेली मांडणी फार जड होते. जुनी दोन खिळ्यांवर लटकत होती म्हणून नव्या घरातही तसंच करू नका. चार कोपऱ्यांना चार स्क्रू, आणि ब्लॉकच्या भिंतीवर असेल तर खाली टेकू देणारी लोखंडी पट्टी. भाड्याच्या घरात तीच मांडणी लोखंडी स्टँडवर उभी करा. स्टँडचा वरचा भाग मात्र भिंतीला टेकलेला असू द्या.

शिंकाळं टांगायला छताला कडी हवी असेल तर अँकर फास्टनरचीच, भोक ४० मिलिमीटरहून खोल नको. वरच्या मजल्यावर, जिथे डोक्यावर गच्ची आहे, तिथे छताला हातच लावू नका. गळती सुरू झाली की शोधता शोधता नाकी नऊ येतात.

## ६. दगड: जातं, पाटा, रगडा

महाराष्ट्रातली जाती-पाटे बहुतेक काळ्या बसाल्टचे. एक घन सेंटिमीटरला साधारण २.९ ग्रॅम धरा. ४५ बाय ३० बाय ७ सेंटिमीटरचा पाटा म्हणजे २७ किलो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या आणि ८ सेंटिमीटर जाडीच्या जात्याची एक तळी, म्हणजे एक गोल दगड, २९ किलो, दोन्ही मिळून ५८. म्हणजे जातं फळीवर जात नाही, ओट्याच्या टोकावरही नको. त्याची जागा जमिनीवर, कोपऱ्यात, १० मिलिमीटर जाड रबराच्या तुकड्यावर. हलवताना गोणपाटावर ठेवून ओढा. तळी कडेवर उभी करून फिरवत नेली की टाइल तडकते.

वापरायचं असेल तर पाथरवटाकडून टाकी लावून, म्हणजे दगड छिन्नीने पुन्हा खडबडीत करून घ्या. नंतर मूठभर जाडे तांदूळ आणि मीठ दोन-तीनदा वाटून टाकून द्या, बोटांना कच लागेनाशी होईपर्यंत. खुंटा हरवला असेल तर सुताराकडून बाभळीचा करून घ्या. दगडाला चमक यावी म्हणून तेल पाजण्याची पद्धत शोभेच्या लेखांत दिसते, करू नका. तेल खवट होतं, वास जात नाही, आणि मग त्यावर वाटलेली चटणी कुणी खात नाही.

जात्यावर काच ठेवून टीपॉय करायचा असेल तर १२ मिलिमीटरची टफन्ड काच आणि खाली रबराच्या चकत्या. दगडाला भोक पाडायचं नाही.

## ७. बरण्या, लाकूड, कापड

चिनी मातीच्या बरणीला बोटाने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. मग पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. कागद ओला झाला किंवा आतल्या झिलईवर केसासारख्या रेघांचं जाळं दिसलं, तर त्यात लोणचं नको. खार आणि आंबट त्या रेघांतून आत मुरतं, आणि जुन्या रंगीत झिलईत शिसंही असू शकतं. अशा बरणीत डाव-चमचे छान राहतात.

झाकण बहुतेक हरवलेलंच असतं. दादरा, म्हणजे तोंडावरचं फडकं, बांधा, आणि तो दादरा आजीच्या जुन्या लुगड्याच्या किंवा खणाच्या तुकड्याचा करा. बरणीच्या तोंडाच्या व्यासापेक्षा चारी बाजूंनी आठ सेंटिमीटर जास्त कापड घ्या, आधी मिठाच्या पाण्यात भिजवून रंग जातो का पाहा. सुतीच हवं. पैशांत न मोजता येणारी सजावट हवी असेल तर ती हीच, आणि लागतो फक्त अर्धा तास.

पोळपाट, काठवट, रवी यांना चांगल्या खाद्यतेलाचा हात देऊ नका, शेंगदाण्याचं तेल लाकडात खवट होतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन चार भाग आणि मधमाश्यांचं मेण एक भाग, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा आणि थंड झाल्यावर लावा. लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर आत कीड जिवंत आहे. ती वस्तू लगेच बाकीच्या लाकडापासून वेगळी करा, नाहीतर मॉड्युलर किचनच्या प्लायपर्यंत पोचेल. जेवणाशी संबंध येणाऱ्या लाकडावर कीटकनाशक मारायचं नाही.

## ८. हाताने लिहिलेल्या पाककृती

वहीचं पान, पोस्टकार्डावर आईने लिहिलेलं अनारशाचं प्रमाण, पणजोबांची मोडी लिपीतली किराणा यादी. मूळ कागद स्वयंपाकघरात लावूच नका. ६०० डीपीआयला स्कॅन करा, छापील प्रत चौकटीत घाला, मूळ कागद कपाटात पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात. लॅमिनेशन कधीही नाही, ते उलटवता येत नाही. तेलाचे डाग आणि खाडाखोड स्कॅनमध्ये साफ करू नका.

भिंतीच्या टाइलवर ते अक्षर छापून घेण्याची सोय आता शहरांत मिळते. विचारताना एवढंच विचारा: छपाई भट्टीत भाजलेली आहे का? नुसती वरून उष्णतेने उतरवलेली छपाई शेगडीमागे पिवळी पडते आणि घासणीने निघते.

## ९. उजेड आणि रंग

पांढऱ्याशुभ्र ६५०० केल्विनच्या दिव्याखाली पितळ फिकं आणि आजारी दिसतं. फळीखाली २७०० ते ३००० केल्विनची, पिवळसर उजेडाची पट्टी लावा. पिवळ्या किंवा क्रीम भिंतीवर पितळ हरवतं. चुन्यासारखा पांढरा, राखाडी किंवा गडद हिरवा चांगला उठाव देतो.

## १०. परदेशी न्यायचं असेल तर

भारतात १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. भांड्यावर जुनं साल कोरलेलं असेल तर विमानतळावर प्रश्न येऊ शकतो. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या. प्रवासाच्या आठवड्यात धावपळ करून तो मिळेल असं धरू नका.

वजन हा दुसरा अडथळा. बऱ्याच विमान कंपन्या इकॉनॉमीत एका बॅगेला २३ किलो देतात, आणि ३२ किलोच्या वर एक बॅग सहसा घेतच नाहीत. वर हिशेब केलेला पाटा २३ किलोच्या बॅगेत बसत नाही, खलबत्ता आणि चकलीचा सोऱ्या बसतो. पितळी खलबत्त्याचा दांडा केबिन बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतला जाण्याची शक्यता मोठी. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी पोळपाट, रवी, काठवट असं सगळं लाकूड तिथे उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर जाहीर करायचं, आणि जात्या-वरवंट्याच्या खाचांतली माती घरीच ब्रशने धुवून काढायची.